यंत्राचा दोष आणि त्याचा माग

घरांतील एखादें यंत्र बिघडलें कीं आपला हात प्रथम पान्याकडे जातो, आणि डोकें मागाहून जागें होतें. बालवाचकहो, ही संवय आम्हांस एकदां फार महाग पडणार होती. ती हकीकत येथें सांगतों.

संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींत 'डीबगिंग' हा शब्द नित्य ऐकूं येतो. 'बग' म्हणजे किडा. यंत्रांतील छुप्या दोषाला अभियंते हें नांव एकोणिसाव्या शतकापासूनच देत आले आहेत. पुढें ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत 'मार्क २' या गणकयंत्रांत खरोखरीचाच किडा सांपडला! एका रिलेमध्यें पतंग अडकला होता. तेथील लोकांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत डकवून ठेविला, आणि ती वही वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत गेली. पतंगाची मौज सर्वांच्या लक्षांत राहते. आमच्या मतें त्याहून मोलाची ती वही होय. यंत्रास केव्हां काय झालें, हें त्या मंडळींनीं वेळेसकट लिहून ठेविलें होतें. आमच्यापाशीं तशी वही नव्हती.

आमची आई शाळेचे गणवेश शिवून देते. मे महिन्याचा शेवट होता. शाळा उघडण्यापूर्वीं तीस सदरे द्यावयाचे होते, आणि त्याच पैशांतून आमची फी भरावयाची होती. नेमक्या अशा वेळीं शिवणाचें यंत्र रुसलें. वरून टाके सरळ दिसत; पण कापड उलटावें तों खालीं दोऱ्याचा नुसता गुंता! गुंता खालीं म्हणून दोषही खालीं, असें ठरवून आम्हीं बॉबिन-केसचा बारीक स्क्रू आवळला. गुंता वाढला. मग सुई बदलली, रीळ बदललें, तेल घातलें, आणि पुन्हां तोच स्क्रू बराच ढिला केला. आतां गुंता तर होताच, शिवाय टाके वरूनही सैल पडूं लागले. मूळचा दोष कोणता आणि आमचा कोणता, हें आमचें आम्हांसच सांगतां येईना. आई एक शब्दही बोलली नाहीं. ती अर्धवट सदऱ्यांच्या घड्या घालूं लागली. तिनें रागें भरलें असतें तर बरें, असें आम्हांस वाटलें.

आमची थोरली ताई पुण्यास प्रोग्रॅम लिहिण्याचें काम करते. ती सुटीवर आली होती. तिनें विचारलें, "काय काय फिरवलेंस, आणि किती?" आम्ही गप्प. "मग आधीं तुझे दोष काढूं, यंत्राचा मागाहून," असें म्हणून तिनें बॉबिन-केस तिच्याच दोऱ्यानें हवेंत लोंबती धरली. हलका हिसका दिला असतां ती थोडी घसरून थांबली पाहिजे. तशी थांबेपर्यंत तिनें स्क्रू जुळविला. नंतर वरती तांबडा व खालीं पांढरा दोरा घालून एका चिंधीवर चार बोटें शिवण मारली. युक्ति साधी, पण तिनें मुकें यंत्र बोलतें झालें. चिंधी उलटतांच दिसलें कीं गुंता सारा तांबड्याचा. पांढरा बिचारा सरळ रेषेंत पडलेला! वरचा दोरा सैल सुटत होता, म्हणून त्याचे फांस खालीं जमत होते.

आतां रिळापासून सुईपर्यंतची वाट तेवढी तपासावयाची राहिली. या वाटेवर दोन चकत्या असतात. कापड दाबणारा पाय खालीं सोडला म्हणजे त्या दोरा चिमटींत धरतात. येथें पाय खालीं असूनही दोरा बोटानें सहज ओढला गेला. ताईनें ताणाचा स्क्रू आवळून पाहिला. फरक पडला नाहीं. तेव्हां तिनें तो पूर्वीच्या जागीं परत आणिला. (हें आम्हांस सर्वांत नवें होतें. निष्फळ ठरलेला बदल तसाच सोडून पुढें धांवणें ही आमची जुनी खोड.) मग चकत्यांमधून तिनें कापडाची पट्टी फिरविली, आणि मोहरीएवढा धाग्याचा बोळा बाहेर पडला. त्यानेंच चकत्या एकमेकींपासून दूर ठेविल्या होत्या. आई पुन्हां यंत्रावर बसली.

सायकलीचेंही असेंच आहे. पंक्चर काढल्यावर दुसऱ्या दिवशीं चाक पुन्हां बसलें कीं आपण ठिगळास दोष देतों. पुष्कळदां बाभळीचा कांटा टायरांतच रुतून राहिलेला असतो. ट्यूब काढण्यापूर्वीं व्हॉल्व्हपाशीं टायरवर खडूची खूण करावी, आणि ट्यूबची कोणती बाजू कोणीकडे होती हेंही लिहावें. पाण्यांत बुडबुडे कोठून येतात तें पाहून ट्यूब त्या खुणेशीं जुळवावी, म्हणजे टायरचा कोणता वीतभर भाग जपून चांचपावा तें कळतें. छिद्र ट्यूबच्या आंतल्या अंगास असेल तर टायर चांचपण्यांत अर्थ नाहीं. तेथें रिमकडे व स्पोकच्या टोकांकडे पाहावें.

तीस सदरे वेळेवर पोंचले. यंत्राच्या झांकणास आंतून ताईनें एक कागद चिकटविला आहे. त्यावरील शेवटची नोंद आईच्या हातची आहे: "टाके सुटत होते. फक्त सुई बदलली. चाललें."