उभ्या गाडीचा भरवसा धरू नका

धावत्या गाड्यांना आपण भितो, पण टिळक रोडवर मला आडवं केलं ते एका उभ्या गाडीनं. संध्याकाळची वेळ, सायकलचा वेग फार तर ताशी १५ किलोमीटर, आणि मी लहानपणी शिकवल्याप्रमाणे अगदी डाव्या कडेनं चाललेलो. कडेला लावलेल्या मोटारीचं ड्रायव्हरकडचं दार फाटकन उघडलं, हँडलची मूठ त्याला थडकली आणि मी डांबरावर. मागच्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, म्हणून कॉलरबोनवर निभावलं. मोटारीतले गृहस्थ बापडे पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो, तुम्ही दिसलाच नाहीत!"

खरंच दिसलो नव्हतो, कारण त्यांनी आरशात बघितलंच नव्हतं. हिशेब साधा आहे. ताशी १५ म्हणजे सेकंदाला चार मीटर. दार उघडायला सेकंदही लागत नाही. बोटं ब्रेकवर जाईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. त्यामुळे जे काही करायचं, ते दार उघडण्याआधी.

सायकलवाल्यांनी उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतकं, म्हणजे मीटर-सव्वामीटर अंतर ठेवावं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यात. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढे पुन्हा बाहेर यायचं, असं करू नका. सरळ रेषेत चालवणारा मागच्याला कळतो. गाडीचा मागचा लाल दिवा नुकताच विझलाय, काचेतून डोकं हलताना दिसतंय, रिक्षातला प्रवासी सुटे पैसे शोधतोय, अशी चिन्हं दिसली की वेग कमी करा.

मोटारवाल्यांना मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो: उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडायचं. हात आडवा गेला की अंग आपोआप वळतं आणि नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं, आणि तिथल्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हीच पद्धत सांगितली आहे. खर्च शून्य.

पायी चालणाऱ्यांना दाराची भीती कमी, आडोशाची जास्त. स्टॉपवर उतरलं की लोक बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतात. बसच्या उजवीकडून येणाऱ्या दुचाकीला ते दिसत नाहीत, त्यांना दुचाकी दिसत नाही. बस निघून जाऊ द्या. झेब्रावर एखादी मोटार तुमच्यासाठी थांबली, तर तिच्या पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन थबका, डोकावून बघा, मग पुढचं पाऊल टाका. चालवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं की शेजारची गाडी झेब्रावर थांबलीये म्हणजे तिच्यापुढे कोणीतरी आहे. ताशी ५० च्या वेगात एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे जाते, ३० च्या वेगात आठ. एवढ्या फरकात माणूस वाचतो.

सिग्नलला उभा असलेला टँकर किंवा ट्रक तर सर्वांत फसवा. त्याच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकण्याचा मोह सायकल आणि स्कूटरवाल्यांना आवरत नाही. तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत येतात आणि फट मिटते. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागेच थांबा.

मला उचलताना रिक्षावाला म्हणाला, "साहेब, नंतर पोलिसांचं लफडं नको." ती भीती आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १३४अ नुसार, चांगल्या हेतूनं जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. १०८ ला फोन लावा, जखमीला वाहतुकीपासून आडोसा द्या आणि बिनधास्त मदत करा.

आणि घरी मोटार असेल, तर आजच एक काम उरका. मागच्या उजव्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी खुटी असते, ती लावून टाका. मुलं शाळेपाशी पोचल्याच्या आनंदात आरसा बघत नाहीत. त्यांना कायम डावीकडून, फुटपाथच्या बाजूनं उतरवा.