डोळे चोळता का, ते आधी सांगा

प्रश्न : वय २३, औंध. नंबर उणे साडेचार. मळणीच्या धुळीत कॉन्टॅक्ट लेन्स टोचतात. लेसर करून घेऊ का?

उत्तर : नंबर वर्षभर स्थिर असेल, तर साताऱ्याला किंवा पुण्याला जाऊन तपासणी जरूर करा. त्याआधी दोन आठवडे लेन्स बंद. नाहीतर मोजमाप चुकते. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लेसर एका नंबरमागे त्यातले साधारण १२ ते १५ मायक्रॉन कमी करतो, म्हणून जाडी नि उंचसखलपणाचा नकाशा पाहिल्याशिवाय कोणालाही होकार देऊ नका. धुळीमुळे डोळे चोळण्याची सवय असेल, तर ती मला जास्त खटकते. त्याने कॉर्निया शंकूसारखा फुगू शकतो. मग लेसर नकोच. सगळे ठीक निघाले, तर सुगी उरकल्यावरच करा. काही महिने डोळे कोरडे वाटतील. चाळिशीचा चष्मा मात्र पुढे लागेलच.