बिल्ल्याचं एवढं मनावर घेऊ नकोस

अगं, काल फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला झाला होता. ‘ताई, गाय आमची, दूध आमचं, मग कानात बिल्ला नाही म्हणून पैसे का अडवायचे?’ माझ्या डोक्यातून ते जाईना.

२०२४ च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, तेव्हा मीही अशीच चिडले होते. बिल्ल्याचा १२ आकडी नंबर ऑनलाइन नोंदलेला हवा, ही अट. आमच्या दोन गाई बाजारातून आणलेल्या. कानात बिल्ले होते, पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर! त्या दोघींचे पैसे आलेच नाहीत. म्हणून सांगते, गाय घेताना दाव्याला हात लावायच्या आधी बिल्ल्याचा नंबर वाचून घे आणि लगेच दवाखान्यात जाऊन ती आपल्या नावावर करून घे.

पण निव्वळ पैशासाठी बिल्ला मारू नकोस गं, लसीची नोंदही त्याच नंबरावर होते. २०२२ ची गुरांमधली लम्पीची साथ आठव. आमच्या कालवडीच्या मानेवर आधी सुपारीएवढ्या चार-दोन गाठी आल्या. सासूबाई म्हणाल्या, माशी चावली असेल. मग पाय सुजले, तिनं वैरण सोडली, डोळ्यांतून सारखं पाणी. डेअरीत दूध घेणार नाहीत या भीतीनं मी दोन दिवस कुणाला बोलले नाही. माशा, डास, गोचीड काही बांध बघून थांबत नाहीत. आठवड्यात शेजारच्या गोठ्यातही गाठी निघाल्या. आमची कालवड गेली. सरकारनं वासराला १६ हजार, गाईला ३० हजार भरपाई ठेवली होती, पण शेजारच्या वहिनींच्या नजरेला नजर देणं मला आजही जड जातं.

त्यामुळे अनुदानाला लसीची, नोंदीची अट असावी, असंच मला वाटतं. एकाचा गोठा आजारी पडला की गावाचा पडतो. मात्र अट घालणाऱ्यानं लसही वेळेवर गोठ्यापर्यंत आणावी. लस देणारा फिरकलाच नाही आणि भुर्दंड तुला, हे मला पटत नाही. ते ग्रामसभेत बोल. एकटीला धीर होत नसेल तर मी येते.

आणि एक, हे नीट ऐक. तुझी धाकटी कालवड सहा महिन्यांची झाली ना? गाय गाभडवणाऱ्या ब्रुसेला आजाराची लस चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात, एकदाच. गाय गाभडली तर तो गर्भ, ती वार उघड्या हातानं उचलू नकोस. तो आजार माणसालाही होतो, आणि गोठ्यात हात घालणाऱ्या आपणच असतो.

सोमवारी डॉक्टर येणार आहेत, तर धार काढून झाली की जनावरं दावणीलाच राहू देत. बिल्ला मारल्यावर आठ दिवस कान रोज बघ, जखमेवर माशी बसली तर अळ्या पडतात. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव आणि फोटो मला पाठव.