तीन खेळाडू आणि एक जाणकार

प्रश्न : ‘पाथफाइंडर सोसायटी’ या भूमिका-खेळाच्या मोहिमेच्या (पहिली आवृत्ती) टेबलावर आम्ही तिघेच जमतो. चौथा मित्र तयार आहे, पण आम्ही खेळणार तो सिनॅरिओ (साहसकथा) त्याने आधी खेळलाय. त्याला घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण क्रेडिटशिवाय, म्हणजे त्याच्या पात्राला बक्षीस न देता. पाइझो या प्रकाशकाने २००८मध्ये सुरू केलेल्या या मोहिमेतले सिनॅरिओ ४ ते ६ खेळाडू धरून लिहिलेले आहेत. तिघांवरही भागतं, मात्र मग खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला एक तयार पात्र चालवावं लागतं. म्हणजे गॉब्लिनचा हल्ला त्याचा आणि जखमा बांधणारा क्लेरिकही त्याचाच. त्यापेक्षा हाडामांसाचा चौथा खेळाडू केव्हाही बरा. एकदा खेळलेला सिनॅरिओ क्रेडिटसाठी पुन्हा खेळण्यावरच्या बंधनामागे हिशेब आहे : इथलं पात्र कुठल्याही गावच्या टेबलावर चालतं, त्यामुळे घसघशीत सोनं देणारा एकच सिनॅरिओ कुणी घोकत राहिला, तर बाकीच्यांची कमाई फुकट जाते. बक्षीसच नसेल तर हा धोका उरत नाही.

‘तो गुपित फोडेल’ हा आक्षेप खरा आहे, पण मुख्यतः रहस्यकथेपुरता. लढाईत सापळा ठाऊक असला तरी फासे पडायचे तसेच पडतात. त्याने आधीच गेम मास्टरला सांगावं, उपचारकाचं पात्र घ्यावं आणि दार कुठलं उघडायचं ते इतरांना ठरवू द्यावं. तरीही जीभ आवरत नसेल, तर त्याला खुशाल उठवा.