क्रीडासामन्यांचे थेट प्रक्षेपण : पडद्यामागील कार्य

घरी बसून सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाला मैदानावरील सर्व काही आपण प्रत्यक्ष पाहत आहोत असे वाटत असते. वस्तुतः त्याच्या पडद्यावर एका वेळी बहुधा एकच दृश्य असते आणि ते अनेक दृश्यांतून दुसऱ्या कोणीतरी निमिषार्धात निवडलेले असते. ही निवड कशी होते, तिच्यामागे कोणाचे श्रम असतात आणि तिचे परिणाम कोठवर पोचतात, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

मैदानाबाहेरील गाडी

थेट प्रक्षेपणाचे केंद्र मैदानावर नसून मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका मोठ्या बंदिस्त गाडीत असते. तिला ओबी व्हॅन म्हणतात. मैदानातील प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र या गाडीत येते आणि भिंतीवरील छोट्या पडद्यांवर ओळीने दिसत राहते. या पडद्यांसमोर दिग्दर्शक बसतो. सामना तो आपल्या डोळ्यांनी पाहत नाही. त्याला दिसतात ती फक्त चित्रे.

दिग्दर्शकाच्या आज्ञा दोन टप्प्यांत दिल्या जातात. 'तीन तयार' असे तो म्हणाला की तिसऱ्या क्रमांकाच्या कॅमेऱ्यावरील माणूस आपले चित्र स्थिर करतो. 'तीन घ्या' म्हणताच शेजारी बसलेला मिश्रणतंत्रज्ञ कळ दाबतो आणि ते चित्र देशभर जाते. त्याच क्षणी त्या कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागतो. तो विझेपर्यंत कॅमेरामनला हात हलवून चालत नाही.

याच गाडीत आणखी काही माणसे निमूटपणे काम करीत असतात. दुपार कलली की प्रेक्षागाराची सावली खेळपट्टीवर सरकू लागते. चेंडू उन्हातून सावलीत गेला तरी तो स्पष्ट दिसावा म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात येणारा प्रकाश सतत कमीजास्त करणे हे एका तंत्रज्ञाचे काम असते. ध्वनितंत्रज्ञ बॅटचा आवाज, प्रेक्षकांचा गलका आणि समालोचकाचे शब्द यांचे प्रमाण राखतो. समालोचकाच्या कानात निर्मात्याच्या सूचना चालू असतात. त्या ऐकत असताना त्याला स्वतःचे वाक्य न अडखळता पुरे करावे लागते.

पूर्वतयारी

प्रक्षेपणाची गुणवत्ता सामन्यापूर्वीच बरीचशी ठरून जाते. कॅमेरे कोठे ठेवायचे, सूर्य कोणत्या बाजूस मावळतो, केबल कोणत्या मार्गाने न्यायची, वीज गेल्यास जनित्र किती वेळात सुरू होईल, या सर्वांची पाहणी आधी केली जाते. फुटबॉल किंवा हॉकीच्या सामन्यात मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूस ठेवण्याचा प्रघात आहे. समोरच्या बाजूचे चित्र मध्येच घेतले तर डावीकडे धावणारा खेळाडू एकाएकी उजवीकडे धावताना दिसतो आणि प्रेक्षकाचा गोंधळ उडतो.

क्रिकेटमध्ये अडचण निराळी होती. मुख्य कॅमेरा एकाच टोकाला असल्यामुळे एकाआड एक षटकात प्रेक्षकाला फलंदाजाची पाठ पाहावी लागे. 1977 साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांच्या मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा दोन्ही टोकांना कॅमेरे लावण्यात आले. प्रत्येक चेंडू गोलंदाजाच्या पाठीमागून दिसू लागला आणि तो किती वळला हे सामान्य माणसालाही कळू लागले. भारतातही 1982 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या त्या सुमारासच दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपणाचे युग सुरू केले.

पुनर्दृश्याचा जन्म

घडून गेलेला क्षण तत्काळ पुन्हा दाखवणे आज अगदी साधे वाटते. 7 डिसेंबर 1963 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे भूदल आणि नौदल यांच्या संघांत फुटबॉलचा सामना झाला, तेव्हा मात्र ते धाडसाचे काम होते. सीबीएस कंपनीचे तरुण दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी ध्वनिचित्रमुद्रणाचे अवजड यंत्र मैदानावर नेले होते. फितीवरील नेमकी जागा चटकन सापडेना, म्हणून त्यांनी फितीवर ध्वनीच्या खुणा करण्याची युक्ती योजली. सामन्यात त्यांचे आधीचे प्रयत्न फसले. अखेरच्या भागात एकदाच ते साधले. भूदलाच्या खेळाडूने गुण मिळवल्याचे दृश्य पुन्हा दिसताच, भूदलाने आणखी गुण मिळवलेले नाहीत, असे समालोचकाला प्रेक्षकांना बजावून सांगावे लागले. भूतकाळ वर्तमानाच्या वेशात येऊ शकतो, हे प्रेक्षकांना तोवर ठाऊकच नव्हते.

चित्र आणि निर्णय

पुढे हे पुनर्दृश्य केवळ करमणुकीचे साधन राहिले नाही. 14 नोव्हेंबर 1992 रोजी डर्बन येथील भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीत सचिन तेंडुलकर 11 धावांवर धावबाद ठरला. दूरचित्रवाणीच्या चित्रावरून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिला फलंदाज होय. त्या दिवसापासून कॅमेरामनच्या कामाचा अर्थ बदलला. रेषेच्या बरोबर समांतर ठेवलेला कॅमेरा जे सांगतो ते तिरपा ठेवलेला कॅमेरा सांगू शकत नाही. कॅमेरा हातभर चुकीच्या जागी असेल, अथवा नेमक्या क्षणी एखादा खेळाडू त्याच्या आड आला, तर पंचासमोर पुरावाच उरत नाही. केबल ओढणाऱ्या आणि तिवई रोवणाऱ्या माणसांचे काम अशा रीतीने न्यायदानाचा भाग बनले.

जे टिपले गेले नाही

या कार्याचे मोल त्याच्या अभावी अधिक प्रकर्षाने जाणवते. 18 जून 1983 रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे विश्वचषक स्पर्धेत झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी अवघ्या 17 धावांत बाद झाले. तेथून कपिल देव यांनी नाबाद 175 धावा काढल्या आणि भारताने सामना 31 धावांनी जिंकला. आठवडाभराने, 25 जून रोजी, भारत विश्वविजेता ठरला. त्या दिवशी मैदानावर दूरचित्रवाणीचे कॅमेरे नव्हते, त्यामुळे या खेळीचे चलत्चित्र उपलब्ध नाही. धावफलक आहे, छायाचित्रे आहेत, उपस्थितांच्या आठवणी आहेत. परंतु त्यांतील एकही फटका पुढच्या पिढीला पाहता येत नाही.

प्रक्षेपण करणारे कर्मचारी एका दिवसाच्या करमणुकीपुरतेच राबत नसून पुढील काळासाठी साक्षही नोंदवून ठेवत असतात. आज यंत्रे हलकी आणि वेगवान झाली आहेत, कॅमेऱ्यांची संख्याही वाढली आहे. तथापि कोणते दृश्य घ्यावे आणि कोणते सोडावे हे क्षणार्धात ठरवण्याची जबाबदारी अजूनही त्या बंदिस्त गाडीतील माणसांवरच आहे. प्रेक्षकाला त्यांच्या अस्तित्वाची जाणीवही झाली नाही, तर आपले काम चोख झाले असे ते समजतात.