व्हिनेगरने कर्करोगाचा शोध

स्वयंपाकघरातील व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लाचे सुमारे ४-५ टक्के द्रावण. याच साध्या आम्लाने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मोठे काम केले.

परळचे हे रुग्णालय १९४१ चे. नाशिककडील रुग्णही तेथे जातात. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया बहुधा फार उशिरा येत. म्हणून १९९८ मध्ये रुग्णालयच झोपडपट्ट्यांत गेले. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना तपासणी शिकवली. द्रावण लावल्यावर मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तेथील पेशींत प्रथिने जास्त असतात व आम्लाने ती साकळतात. दुधात लिंबू पिळून पाहा! अर्थात पांढरा डाग म्हणजे कर्करोगच नव्हे. खात्री रुग्णालयात होते.

प्रयोगात दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, उरलेल्यांना फक्त माहिती दिली. बारा वर्षांनी पहिल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्के कमी आढळले. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल टीका झाली, आणि ती सहज झटकण्याजोगी नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सांगितली आहे. तुमच्या आरोग्यकेंद्रात ती होते का, आईबरोबर जाऊन विचारा.