कंठस्थ ग्रंथी आणि माणसाचा स्वभाव

एखादे मूल वर्गात पेंगते, हाक मारली तर उशिरा ओ देते. चार ओळी उतरून घेण्यास त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. गाव त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होते. एखादी कामसू गृहिणी वर्षा-दोन वर्षांत सुस्तावते, बोलेनाशी होते. शेजारीपाजारी तिला आळशी ठरवितात किंवा बाहेरची बाधा समजून भगताकडे नेण्याचा सल्ला देतात. स्वभाव हा ज्याच्या त्याच्या मनाचा गुणदोष होय, अशी समजूत या सर्वांमागे असते. ती सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु माणसाचे वागणे मेंदू, मज्जासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी यांच्या परस्पर व्यवहारावरही फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. कंठस्थ ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

ही ग्रंथी मानेच्या पुढील बाजूस श्वासनलिकेला बिलगून असते. मज्जातंतूंचा निरोप क्षणार्धात ठरावीक ठिकाणी पोचतो. ग्रंथींतून रक्तात उतरणाऱ्या हॉर्मोनांचा निरोप मात्र दवंडीसारखा असतो, सावकाश फिरणारा पण गावभर पोचणारा. दवंडी पिटण्याचा हुकूम मेंदूच सोडतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी कंठस्थ ग्रंथीला चेतविते आणि मग थायरॉक्सिन हे हॉर्मोन रक्तात सोडले जाते. ते पुरेसे झाले की मेंदू हुकूम आवरता घेतो. शरीरातील पेशींनी किती वेगाने काम करावे, हे या हॉर्मोनामुळे ठरते. मेंदूच्या पेशीही त्यास अपवाद नाहीत.

हे ज्ञान सहजासहजी हाती आले नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. १८७४ साली त्यांनी एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढून टाकली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. परंतु पुढे तिच्या स्वभावात पालट झाल्याचे कोखर यांच्या कानी आले. १८८३ साली त्यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा त्यांना धक्काच बसला. एके काळी धाकट्या बहिणीहून वेगळी न दिसणारी ती मुलगी खुजी व मंदबुद्धी होऊन राहिली होती, तर बहीण ऐन तारुण्यात आली होती. संपूर्ण ग्रंथी गमावलेल्या ज्या १८ रुग्णांची तपासणी झाली, त्यांपैकी १६ जणांत अशीच अवकळा आढळली. कोखर यांनी हे लपविले नाही. उघडपणे प्रसिद्ध केले आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत सोडून दिली. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कौशल्याइतकाच हा प्रांजळपणाही स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

यावरील उपायही लवकरच सापडला. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या कंठस्थ ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. मंदावलेली ती स्त्री सावध व उत्साही झाली आणि हा उपचार घेत पुढे २८ वर्षे जगली. १९४९ साली रिचर्ड ॲशर यांनी अशा १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्यांचे वेड वस्तुतः कंठस्थ ग्रंथीच्या दुर्बलतेतून उद्भवले होते; त्यांतील बहुतेक जण उपचाराने सुधारले. ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली तर प्रकार उलटा होतो. हात थरथरतात, झोप उडते, वजन घटते आणि शांत माणूस चिडखोर बनतो.

प्रौढ माणसाची ही मंदता बहुधा औषधाने दूर होते. गर्भातील बालकाचे तसे नसते. पहिले काही महिने गर्भाचा मेंदू मातेच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. त्या काळात ते कमी पडले तर मेंदूची घडण कच्ची राहते; मूल बहिरे, मुके वा मंदबुद्धी होऊ शकते आणि ही हानी मागाहून भरून निघत नाही. काही बालकांची ग्रंथी जन्मतःच निकामी असते. असे बालक प्रारंभी निरोगीच दिसते. जन्मानंतर टाचेतील रक्ताचे थेंब तपासून पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू केल्यास त्याची बुद्धी वाचविता येते. अवघ्या एका गोळीने हे साधत असताना केवळ तपासणी न झाल्यामुळे मूल जन्माचे अधू व्हावे, याहून खेदाची गोष्ट नाही.

थायरॉक्सिन तयार होण्यास आयोडीन लागते. प्रौढास दररोज १५० मायक्रोग्रॅम व गरोदर स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. आयुष्यभराची गरज जेमतेम एक चमचा भरेल. परंतु जेथील जमिनीतून आयोडीन वाहून गेले आहे, तेथील धान्यातही ते नसते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त व काही गावांना साधे मीठ पुरवून पाहिले. पहिल्या गावांत गलगंड लक्षणीय घटला, दुसऱ्यांत तसाच राहिला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा विकार केवळ हिमालयाच्या पायथ्याचा नव्हे, हे नंतरच्या पाहण्यांतून उघड झाले. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास मे २००६ पासून देशभर मनाई आहे.

गोवा व कोकण किनाऱ्यावर एक गैरसमज रूढ आहे, की मिठागराचे जाडे मीठ समुद्राचेच असल्याने त्यात आयोडीन असणारच. समुद्राच्या मासळीत ते पुष्कळ असते. मिठागराच्या मिठात मात्र नाममात्र उरते. म्हणून रोजच्या स्वयंपाकास आयोडीनयुक्त मीठच वापरावे, ते झाकणबंद बरणीत चुलीच्या धगीपासून व ओलाव्यापासून दूर ठेवावे. त्यासाठी मिठाचे प्रमाण वाढविण्याचे कारण नाही.

शाळेत एखादा विद्यार्थी एकाएकी मागे पडू लागला, त्याची उंची खुंटली, त्वचा कोरडी पडली, थंडी सोसवेनाशी झाली किंवा गळा फुगीर दिसू लागला, तर शिक्षकांनी त्यास शिक्षा करण्यापूर्वी पालकांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. प्रत्येक मागासलेल्या मुलाचे कारण ग्रंथीतच सापडेल असे नाही. कधी ते डोळ्यांत, कधी कानांत, तर कधी रिकाम्या पोटात असते. ग्रंथीचा दोष मात्र रक्ताच्या साध्या तपासणीने कळतो. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची असते आणि बरे वाटू लागले म्हणून ती डॉक्टरांना न विचारता बंद करावयाची नसते.